पगार, प्लॉट, डोकं आणि विश्वास: वर कोणाला ठेवायचं ते रोजच्या जगण्यात कसं जमवायचं

पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकू, पैसा वाईट आहे असं बायबल म्हणत नाही, 1 तीमथ्य 6:10 मधे पैशाच्या लोभाबद्दल लिहिलंय आणि लोक अर्धंच वचन सांगत फिरतात. शहाणपण वाईट आहे असंही नाही. प्रश्न फक्त नंबरचा आहे, विश्वास, पैसा आणि शहाणपण यांत वर कोण आणि खाली कोण. आणि हा नंबर उपासनेत डोळे मिटून नाही लागत, तो लागतो पगार जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा, नागपूरच्या बेसा भागाकडे प्लॉट पाहायला जातो तेव्हा, पोराला नीटचा क्लास लावतो तेव्हा. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पगाराचं आधी पाहू. पौलानं करिंथच्या मंडळीला एकदम साधी पद्धत सांगितली होती (1 करिंथ 16:2), आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे दानासाठी बाजूला काढून ठेवायचं. आधी काढायचं, हा त्यातला मुद्दा. महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ म्हणणाऱ्याच्या घरी कधी उरलंय का बाप्पा! तर पगार आला की ईएमआय कटायच्या आधीच तेवढी रक्कम लिफाफ्यात टाका किंवा वेगळ्या खात्यात वळती करा, आणि घरात बायकोला/नवऱ्याला आकडा माहीत असू द्या. 30,000 पगार असेल तर दशमांश 3,000 होतो, जमत असेल तर तेवढा द्या, डोक्यावर व्याजाचं कर्ज असेल तर 500 पासून सुरू करा, कारण 2 करिंथ 9:7 मधे ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खट्टू होऊन किंवा बळजबरीनं नाही, असंच आहे. मार्क 12 मधल्या त्या विधवेनं टाकल्या होत्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, आणि येशूनं बाकीच्या सगळ्यांचे ढीग सोडून तिचंच नाव काढलं. मोबाइलवरून देत असाल तरी कधीकधी रोख नोट लेकराच्या हातात देऊन थैलीत टाकायला लावा, स्कॅन केलेलं त्याला दिसत नाही.

इथं एक सावधगिरी. "हजार द्या, प्रभू दहा हजार करून परत देईल" असं कोणी स्टेजवरून सांगत असेल तर तिथून उठून या. त्यात पैसाच वर बसलेला असतो आणि विश्वास त्याच्या कामाला लावलेला असतो, वरून हालेलुया म्हणलं तरी फरक पडत नाही.

आता प्लॉट. नागपुरात चार नातेवाईक जमले की पाचवा विषय जमिनीचा निघतोच, मिहानमुळे (विमानतळाजवळचा तो मोठा औद्योगिक प्रकल्प) रेट कुठं गेले, अमक्यानं उमरेड रोडला घेऊन ठेवला होता वगैरे. घ्या, कोणी नाही म्हणत नाही. पण टोकन द्यायच्या आधी लूक 12:13 पासून 21 पर्यंत नवरा-बायकोनं सोबत बसून मोठ्यानं वाचा. ती कोठारवाल्या श्रीमंताची गोष्ट (मोठी कोठारं बांधायला निघाला आणि त्याच रात्री जीव गेला) सगळ्यांना पाठ असते, पण ती निघाली कशावरून ते विसरतात: गर्दीतला एक जण येशूला म्हणाला, माझ्या भावाला सांगा वाटणी करून द्यायला. म्हणजे बापाच्या घराच्या वाटणीवरून भावाभावांत जी बोलचाल बंद होते ना, तोच मॅटर. येशूनं न्यायाधीश व्हायला सरळ नकार दिला आणि लोभापासून जपा म्हणाला. वाचून झालं की एका कागदावर लिहा, हप्ता सुरू झाल्यावर दान बंद पडेल का, रविवारीही कामावर जावं लागेल का, भावाशी-बहिणीशी तोंड फिरवावं लागेल का. तीनपैकी एकाचंही उत्तर हो आलं तर छोटा प्लॉट पाहा नाहीतर थांबा.

आणि डील करताना बिल्डर किंवा दलाल म्हणेल की एवढे चेकनं, एवढे रोख, रजिस्ट्री कमीची दाखवू, सगळेच करतात. खरी परीक्षा ही आहे. इथं नाही म्हणलं तर नुकसान होतं, खरंखुरं, लाखांत, आणि ते नुकसान सोसायची तयारी असेल तरच विश्वास वर आहे म्हणायचं. पौलानं फिलिप्पै 3 मधे आपलं कूळ, आवेश, परूशीपणा (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं) सगळी यादी दिली आणि ख्रिस्तापुढे ती हानी समजतो म्हणाला, त्यानं यादी लपवली नाही हे मला फार आवडतं.

पण याचा अर्थ डोकं गहाण ठेवा असा नाही. प्रार्थनेत शांती वाटली म्हणून आरएल (रिलीज लेटर, प्लॉट मंजूर असल्याचा सरकारी कागद) न पाहता प्लॉट घेऊ नका भाऊ, आरएल पाहा, सातबारा पाहा, वकिलाला दाखवा. बीपीची गोळी "विश्वासानं" बंद करू नका, सीताबर्डीचं मूर मेमोरियल हॉस्पिटल मिशनऱ्यांनीच काढलं होतं, त्यांचा काय विश्वास कमी होता का? मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मधे नागपुरात आले सुवार्ता सांगायला, आणि शाळा काढता काढता इथले दगड, जीवाश्म गोळा करून अभ्यास करत राहिले, हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1863 मधे टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परत येताना पाण्यात बुडून गेले. इतका अभ्यासू माणूस, पण आला होता कशासाठी ते सुटलं नाही.

दुसरं उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचं. संस्कृत पंडित, बुद्धीचा दरारा असलेला माणूस, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी साहेबानं नवा करार हातात दिला आणि ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले. त्याच प्रवचनात, मत्तय 6 मधे, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका हे आहे. 1895 मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार, मान, सगळंच हललं. कविता मात्र सुटली नाही, उलट आजही आपण त्यांचीच गीतं गातो.

तर मोठा निर्णय असेल तेव्हा असं करून पाहा. आपलं लॉजिक आधी पूर्ण लिहून काढा, फायदे तोटे सगळे. मग याकोब 3:17 काढा, तिथं वरून येणारं ज्ञान कसं ओळखायचं ते दिलंय, शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयेनं भरलेलं, ढोंग नसलेलं. एकेका शब्दापुढे आपला प्लॅन ठेवा. जिथं अडतो तिथं खूण करा आणि मंडळीतल्या अशा वडीलधाऱ्याला दाखवा ज्याचा त्यात काहीच फायदा नाही. पाळकसाहेबांनाच विचारायला पाहिजे असं नाही, कधीकधी महिला मंडळातल्या एखाद्या मावशी जास्त सरळ सांगतात.

राहिला क्लासचा विषय. टेस्ट सिरीज नेमकी रविवारी सकाळी असते आणि दोन वर्षं पोरगं चर्चचं तोंड पाहत नाही, मग आपणच म्हणतो आजकालच्या पोरांना ओढ नाही. ॲडमिशन घेतानाच क्लासवाल्याला विचारा की दुसरी बॅच शनिवारी आहे का, काही जण देतात. नसेल तर सायंकाळची उपासना कुठं आहे ते शोधा आणि स्वतः सोबत जा, त्याला एकट्याला पाठवू नका. आणि टेस्टच्या दिवशी सकाळी प्रार्थना करताना मार्कांसाठी मागताच ना, त्यात एक वाक्य हेही टाका की नंबर नाही लागला तरी आम्ही तुझेच, आणि ते पोराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा.