जुन्या कन्व्हर्टिबल मोटारीचे मूल्य ठरवताना या चुका टाळा

जुन्या कन्व्हर्टिबलची, म्हणजे छत उघडता येणाऱ्या मोटारीची, किंमत काढायला बसलेला माणूस बहुधा जाहिरातींपासून सुरुवात करतो आणि तेथेच फसतो. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. एखादी जाहिरात महिनोन्‌महिने तशीच झळकत असेल, तर त्या किमतीला गिऱ्हाईक नाही एवढेच तिच्यातून सिद्ध होते. त्यामुळे प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे, विशेषतः जाहीर लिलावांचे आकडे जमवावेत. मात्र प्रसिद्ध झालेली रक्कम ही केवळ अंतिम बोली आहे की तिच्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेले शुल्कही धरले आहे, हे तपासावे, कारण हे शुल्क अनेकदा 10 टक्के किंवा त्याहूनही अधिक असते. राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान रकमेपर्यंत, न पोहोचलेली बोली विक्रीच्या यादीत धरू नये.

तुलनेसाठी निवडलेली गाडी केवळ नावाने सारखी असून भागत नाही. जग्वार ई-टाइपचेच पाहा. 1961 साली ती 3.8 लिटरच्या इंजिनासह आली, 1964 मध्ये ते इंजिन 4.2 लिटरचे झाले, पुढे हेडलाइटवरील काचेची आवरणे गेली आणि 1971 पासून तिला बारा सिलिंडरचे 5.3 लिटरचे इंजिन मिळाले. बाजार साधारणपणे सुरुवातीच्या गाड्यांना अधिक भाव देतो, त्यामुळे एका मालिकेचा भाव दुसरीला लावणे म्हणजे दुसऱ्याच गाडीचे मूल्य काढण्यासारखे आहे.

यापेक्षा महाग पडणारी चूक म्हणजे गाडी कारखान्यातून उघडीच बाहेर पडली होती, असे गृहीत धरणे. एकाच मॉडेलची कन्व्हर्टिबल बंद छताच्या गाडीपेक्षा बरीच महाग असली, की छत कापून गाडी उघडी करण्याचा मोह होतोच. फेरारी डेटोनाच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर घडले आणि अशा रूपांतरित गाड्यांना अस्सल स्पायडरइतका, म्हणजे कारखान्यातच उघडी बनलेल्या डेटोनाइतका, भाव मिळत नाही. ही शंका चासी क्रमांकावरून फेडता येते. उदाहरणार्थ, 1965 आणि 1966 च्या फोर्ड मस्टंगच्या क्रमांकात तिसरा आणि चौथा अंक मिळून 08 असेल तरच ती मूळची कन्व्हर्टिबल असते. 07 हा हार्डटॉपचा (पक्क्या छताच्या गाडीचा) आणि 09 हा फास्टबॅकचा (मागे उतरत्या पक्क्या छताच्या गाडीचा) संकेत आहे. त्याच क्रमांकातील पाचवे अक्षर मूळ इंजिन कोणते होते ते सांगते, त्यामुळे बॉनेटखालचे इंजिन त्याच्याशी जुळते की नाही, हेही लगेच पडताळता येते. सर्वच कंपन्यांचे क्रमांक इतके बोलके नसतात. तेथे निर्मात्याच्या जुन्या नोंदींवर आधारलेला दाखला मागवावा आणि तो हाती येईपर्यंत गाडीचे मूल्य रूपांतरित गाडीचेच धरावे. हे कठोर वाटेल, पण पुरावा देण्याची जबाबदारी अधिक किंमत मागणाऱ्याची आहे.

चकचकीत रंगाला भुलणे ही चूक सर्वांना ठाऊक असते आणि तरीही सर्वजण ती करतात. स्वतंत्र सांगाडा नसलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये छताचा आधार नसल्याने सगळा भार तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर येतो. एमजीबी रोडस्टर या उघड्या ब्रिटिश गाडीत हे विशेष जाणवते: या पट्ट्या आतून गंजल्या, की गाडी मध्यभागी खचू लागते आणि दाराभोवतीची फट वर अरुंद व खाली रुंद दिसते. दार उघडता-मिटताना अडकत असेल, तर बिजागरी दुरुस्त करून प्रश्न सुटेल असे मानू नये; सक्षम कारागिराकडून गाडी उचलून घ्यावी आणि उचलल्यावर फटी बदलतात का, ते पाहावे. बदलत असतील, तर मूल्यातून वजा करायचा खर्च रंगकामाचा नसून मूळ बांधणीचा आहे. कापडी छत फाटलेले असल्यास ते बदलता येते. छताचा धातूचा सापळा वाकलेला असणे किंवा गळतीमुळे गालिच्याखालचा पत्रा कुजलेला असणे अधिक गंभीर.

दुरुस्तीवर केलेला खर्च खरेदीच्या रकमेत मिळवून मूल्य काढणारेही कमी नाहीत. सर्वसामान्य मॉडेलच्या संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च तयार गाडीच्या बाजारभावाहून सहज जास्त होतो आणि पावत्यांची जाडजूड फाइल हा कामाचा पुरावा असला, तरी ती किमतीचा आधार होत नाही.

दुर्मिळतेच्या दाव्यांचा इतिहास तर गमतीदार आहे. 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो ही अमेरिकेतली अखेरची कन्व्हर्टिबल म्हणून गाजली आणि सुमारे 14,000 गाड्या बनल्या असूनही अनेकांनी गुंतवणूक म्हणून ती न चालवता जपून ठेवली. 1982 मध्ये क्रायस्लरने नवी कन्व्हर्टिबल आणली, 1984 मध्ये खुद्द एल्डोराडोच परतली आणि ‘अखेरची’ या बिरुदाला अर्थ उरला नाही. उत्पादनाचा आकडा मागणीशिवाय काहीच सांगत नाही.

एवढे करूनही दोन जाणकारांचे अंदाज फार दूर पडले, तर सरासरी काढू नये. दोघांनी गाडीची अवस्था कोणत्या श्रेणीत धरली आणि मूल्य कशासाठी काढले, हे विचारावे. विम्यासाठीचे मूल्य हे तशीच गाडी पुन्हा मिळवण्याचा खर्च धरून काढलेले असल्याने तातडीच्या विक्रीच्या किमतीपेक्षा ते साहजिकच वर असते. शिवाय थंडी-पावसात उघड्या गाडीला गिऱ्हाईक कमी मिळते, त्यामुळे तुलनेतील विक्री कोणत्या ऋतूत झाली, तेही नोंदवावे.