‘काकू, काही करत नाही तो!’ : कुत्र्यांची भेट घालताना या चुका टाळा

वीस फुटांवरून कुणी असं ओरडलं, की मी माझ्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन मुकाट्याने पलीकडच्या फुटपाथवर जाते. लोकांना मी खडूस वाटते. वाटू दे.

पट्टा ताणून समोरासमोर भेट. बंड्या गावठी, आता नऊ वर्षांचा. तो तीन वर्षांचा असताना आमच्या गल्लीत एक तरुण सात महिन्यांचं लॅब्रॅडॉर घेऊन समोरून आला. बंड्याने आधी तोंड फिरवलं, मग स्वतःचंच नाक चाटलं, मग उगाचच जमीन हुंगायला लागला. ‘जरा दमानं घे’ हे कुत्रा याहून स्पष्ट सांगू शकत नाही. पिल्लाला ते कळलंही असतं. पण मालकाने पट्टा मागे खेचून धरलेला, त्यामुळे पिल्लाचे पुढचे पाय अधांतरी, छाती पुढे, मान ताठ, डोळे थेट बंड्यावर. मनात खेळ आणि अंगावर धमकी, अशी त्याची गत पट्ट्याने केली होती. आणि मी काय केलं? घाबरून माझाही पट्टा आवळला. बंड्याला सरकायलाही जागा उरली नाही. पुढच्या क्षणी केकाटणं, आणि लॅब्रॅडॉरच्या कानाला तीन टाके. डॉक्टरांचे पैसे मी भरले. निम्मी चूक माझीच होती.

गल्लीतली कुत्री एकमेकांना कशी भेटतात, ते एकदा चहा पीत बघा. भांडायचं नसेल तर नाकासमोर चालत कुणी येत नाही. अर्धगोल घेत येतात, बाजूला बाजू लावतात, शेपटीखाली हुंगतात. ओळखपाळख तिथेच होते, त्यात ‘शी!’ करण्यासारखं काही नाही. आधी एक स्तब्ध उभा राहतो, मग दुसरा. झालं. म्हणून नवीन कुत्रा असेल तर मी दोघांना रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने दहा मिनिटं चालवते. मग पट्टा सैल सोडून भेट, मनात तीन आकडे, आणि ‘चल’. पुष्कळदा भेट घालतच नाही. नव्या मालकांना मात्र पहिल्याच रविवारी मित्र हवे असतात, फोटोसकट.

गुरगुरण्यावर ओरडणं. यावर माझं डोकंच फिरतं. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, गळती कळावी म्हणून. वास आवडत नाही म्हणून तुम्ही नाक बंद करून घ्याल का? गुरगुरण्याबद्दल सारखा मार खाणारा कुत्रा गुरगुरणं सोडतो, अस्वस्थ होणं सोडत नाही. मग ‘अचानक चावला हो’ म्हणत लोक येतात. शिवाय प्रत्येक गुरगुर वेगळी. बुडापेस्टच्या संशोधकांनी हाडाजवळ आलेल्या कुत्र्यांना गुरगुरण्याची ध्वनिमुद्रणं ऐकवली. हाड राखणाऱ्या कुत्र्याची गुरगुर ऐकून ती मागे सरली. अनोळखी माणसावर केलेल्या किंवा खेळातल्या गुरगुरीने तितकी सरली नाहीत. कुत्र्यांना फरक कळतो, आपण सरसकट ‘गप्प!’ म्हणतो. बंड्या गुरगुरला की मी आधी बघते काय चाललंय, मग त्याला तिथून बाजूला नेते. खाण्याची भांडी दोन खोल्यांत ठेवते. संपला विषय.

शेपटी हलली म्हणजे मैत्री. नाही. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं, की मालक दिसल्यावर शेपटी कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. २०१३ साली कळलं, की हे बघणाऱ्या कुत्र्यालाही जाणवतं. डावीकडचं हलणं बघून त्याच्या काळजाचे ठोके वाढतात. पण म्हणून काही रस्त्यात कोन मोजत बसू नका. ताठ, उंच, झपझप थरथरणारी शेपटी आणि आवळलेलं तोंड दिसलं, की वाट बदला. कंबरेपासून सगळंच अंग हलत असेल तर बहुधा ठीक.

खेळ मोडणं. पुढचे पाय पसरलेले, छाती जमिनीला, ढुंगण वर. हे ‘आता करतोय ती मस्ती आहे’ असं सांगणं झालं. शंका आली तर वरचढ वाटणाऱ्याला क्षणभर धरा. खालचा पळून गेला तर खेळ पुरे. तोच परत अंगावर आला तर सोडा दोघांना, आणि तुम्ही बाजूला व्हा.

‘अल्फा’, म्हणजे टोळीचा म्होरक्या, होण्यासाठी कुत्र्याला उताणं पाडणं. दांडगाईने म्होरक्या होता येतं, हा सिद्धांत बंदिस्त लांडग्यांवरून आला. तो लोकांत रुजवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) १९९९ पासून स्वतःच तो खोडत आलेत. आपल्याकडचे ‘आठवड्यात सुधारतो’वाले अजून तोच विकतायत.

छोट्याला झटकन उचलणं. लटकणारे पाय बघून दुसरा उडी मारतो. त्यापेक्षा मध्ये उभ्या राहा.

खांबाजवळून ओढणं. इथून कोण गेलं, कधी गेलं, हे तो मुतातून वाचत असतो. मी तर फिरायला जाताना फोन घरीच ठेवते. बंड्याला आमच्या डीपीच्या खांबाला रोज चार मिनिटं लागतात.