करवंटीचा कोळसा: पाण्याचा रंग आणि वास काढण्यासाठी

कोकणात खोबरे काढून झाले की करवंट्या चुलीत किंवा बंबात जातात. त्याच हवा न लागू देता भाजल्या तर बारीक छिद्रांचा कडक कोळसा मिळतो आणि पाण्यातला रंग, वास त्या छिद्रांत चिकटून राहतो. उसाचे चिपाड, पऱ्हाटीही चालते, पण तो कोळसा भुसभुशीत. पाण्याच्या धारेत त्याचा चुरा होतो. सुरुवात करवंटीनेच करा.

12 किलो करवंट्यांचा काथ्या खरवडून काढा, आठवडाभर उन्हात वाळवा आणि 2-3 सेंमीचे तुकडे करा. ओल राहिली तर बरेचसे सरपण वाफ घालवण्यातच जाते.

20 लिटरच्या लोखंडी डब्याच्या तळाला 6-8 मिमीची चार भोके पाडा. वायूला वाट नसेल तर डबा फुटतो. तुकडे भरून झाकण घट्ट लावा, 200 लिटरच्या पिंपात तीन विटांवर डबा ठेवा आणि भोवती जळण रचून पेटवा. पिंपालाही खाली हवेसाठी भोके हवीत. माल दोन खेपांत भाजावा लागेल. हे काम उघड्यावरच करा. धूर विषारी असतो.

आधी पांढरी वाफ येते, मग दाट पिवळट धूर. पुढे भोकांतून निघणारा वायू स्वतःच जळू लागतो. त्या ज्वाळा विझल्यावरही अर्धा तास जाळ ठेवा. बहुतेकांचा कोळसा इथेच बिघडतो: लवकर थांबले की डांबर छिद्रांत अडकते. जाळ ओसरल्यावर डबा आकड्याने उचलून ओल्या मातीत दाबून बसवा, म्हणजे भोके बुजतील. दुसऱ्या दिवशीच उघडा. गरम कोळशाला हवा लागली की तो पेटतो.

चांगला तुकडा वाजवल्यावर खणखणतो. तपकिरी किंवा धुरकट वासाचा असेल तर पुन्हा भाजा. 12 किलोंतून साधारण 3 ते साडेतीन किलो कोळसा निघतो. तो फोडून 0.5 ते 2 मिमीचे दाणे चाळून घ्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. राख राहिली तर पाणी अल्कधर्मी होते.

आता परीक्षा. मत्स्यालयाच्या दुकानातले मिथिलीन ब्लू घालून पाणी स्पष्ट निळे करा. दोन बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर घ्या, एकीत 5 ग्रॅम कोळशाची भुकटी टाका, तासभर अधूनमधून हलवा, फडक्यातून गाळा. फरक जेमतेम दिसला तर भाजणी कमी पडली.

कारखान्यात कोळशाला 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफ देऊन छिद्रे वाढवतात. आपला कोळसा त्याच्या बराच मागे असतो, म्हणून धार संथ हवी. 4 इंची पीव्हीसी पाइपात खाली खडी, त्यावर जाळी, मग 60 सेंमी कोळसा आणि वर पुन्हा जाळी. कोळसा आधी 24 तास भिजवा, नाहीतर अडकलेली हवा पाण्याला आडवाट देते. पाणी खालून वर, मिनिटाला 300 मिलि सोडा. मग कोळशाच्या थराच्या आकारमानाएवढे पाणी जायला सुमारे 15 मिनिटे लागतात. पहिले 20 लिटर टाकून द्या.

याने जंतू मरत नाहीत. क्षार, नायट्रेट जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या विहिरींतले फ्लोराइडही नाही. उलट कोळसा पाण्यातले क्लोरीन शोषतो, म्हणून पिण्यासाठी उकळणे किंवा क्लोरीन घालणे गाळणीनंतरच. रंग वा वास पुन्हा यायला लागला की कोळसा बदला. रंग किंवा कीटकनाशक शोषलेला जुना कोळसा शेतात टाकू नका.