झोपलेल्या भुतांचं हॅलोविन

हॅलोविन म्हणजे परदेशातला 31 ऑक्टोबरचा भुतांचा सण. तो घरी करायचा म्हणून पहिल्या वर्षी मी नागपूरच्या इतवारीतून प्लास्टिकचा सांगाडा आणला होता. डोळ्यांत लाल दिवे, टाळी वाजवली की खदाखदा हसायचा. 31 ऑक्टोबर संपला, पण आमची साडेपाच वर्षांची लेक पुढच्या चार रात्री एकटी बाथरूमला गेली नाही. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, दिवाळीत लक्ष्मी घरात आणली अन् आता भुतं आणून राहिली?" यावर काय बोलणार!

तेव्हापासून आमचा एकच नियम. घरात येणारं भूत झोपलेलं पाहिजे.

सुरुवात खरेदीपासून नको, उजेडापासून करा. दिवाळीच्या माळा या सुमाराला बहुधा बाहेरच असतात. 2024 ला तर नरकचतुर्दशीच 31 ऑक्टोबरला आली होती. रंगीबेरंगी माळा बाजूला ठेवा, फक्त पिवळ्या उजेडाच्या घ्या. त्या लुकलुकत असतील तर डबीवरचं बटण दाबत राहा. बहुतेक माळांत सगळे नखरे संपले की शेवटी स्थिर उजेड येतो. माळ भिंतीवर उंच न लावता खाली लावा, सोफ्यामागे, पुस्तकांच्या फळीवर, काचेच्या बरणीत कोंबून. मग ट्यूबलाइट बंद करा. अर्धं काम इथेच झालं. आकाशकंदील असू द्या, त्याला कोणी काही म्हणत नाही.

आता कोहळं. बाकी महाराष्ट्र याला लाल भोपळा म्हणतो. परदेशातल्या फोटोंत दिसतं तसं केशरी गुळगुळीत कोहळं शोधत मी गोकुळपेठेच्या बाजारात फिरले होते. आपलं कोहळं बाहेरून हिरवट-तपकिरी, चपटं आणि साल दगडासारखी. भाजीवाला फाक कापूनच देतो, त्यामुळे दोन-अडीच किलोचं आख्खं हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. कोरणार असाल तर 30 तारखेच्या रात्रीच कोरा. मी एकदा हौसेने 27 लाच कोरलं. आपल्याकडे ऑक्टोबरात रात्री गार होतात, पण दुपार अजून तापते. तिसऱ्या दिवशी आत बुरशी, वर चिलटं आणि टीपॉयवर चिकट पाण्याचं थारोळं.

कोरताना वरून झाकण कापू नका, तळ कापा. गर आणि बिया खरवडून काढा आणि कोहळं बॅटरीच्या दिव्यावर टोपीसारखं उपडं ठेवा. चेहरा कोरायचा तर दात नकोत. मिटलेले दोन डोळे आणि एक बारीक हसू पुरे. किंवा चेहराच नको, जाड सुईने टोचून रांगोळीचे ठिपके काढा. आमच्याकडे आख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, म्हणून तेवढा सुरी-सोहळा नवऱ्याकडे. पुढची मेहनत अर्थातच माझी.

एवढी कटकट नको असेल तर संत्री आणा. मुळात आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथे कोहळं मोठं आणि कोरायला सोपं सापडलं, म्हणून कोहळं. मग नागपुरात संत्रं का नको? अंबिया बहार या हंगामाची संत्री नेमकी याच सुमाराला बाजारात यायला लागतात, साल जरा हिरवट असते इतकंच. संत्र्याच्या कमरेभोवती फक्त सालीपुरती सुरी फिरवा आणि अंगठा आत सरकवत साल सुटी करा. आपल्या संत्र्याची साल सैल, त्यामुळे दोन वाट्या अलगद निघतात. फोडी खाऊन टाका. वरच्या वाटीला रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी कापा, खालच्या वाटीत बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. सात-आठ संत्री खिडकीत ओळीने ठेवली की घरभर सालीचा वास येतो.

माझी सगळ्यात लाडकी भुतं मात्र काटोलकडच्या शेतातून येतात. या दिवसांत कापूस फुटलेला असतो. दिरांना सांगून चार-पाच उमललेली बोंडं असलेली पऱ्हाटीची एक फांदी आणवते. (आपल्या हाताने तोडू नका, कोणाचं तरी ते वर्षभराचं पीक असतं.) पितळी गडव्यात वाळू भरून फांदी उभी करायची. बोंडातून लोंबणारा कापूस नीट पाहा, भूत आधीच तयार आहे. फक्त डोळे द्यायचे. काळ्या दोऱ्याचे तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे, वाटीसारखे वाकवायचे आणि भाताचं शीत चुरगाळून चिकटवायचे. डोळे मिटलेले दिसतात. लेक प्रत्येकाला नाव ठेवते आणि रात्री "हळू बोला, उठतील" म्हणून आम्हालाच दटावते. फांदीजवळ पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको, कापूस आहे तो.

दारावर दसऱ्याच्या वाळलेल्या झेंडूचं तोरण, काळ्या कागदाची एक मांजर. वटवाघूळ सासूबाईंनी नामंजूर केलं.

हॅलोविनला खाऊ मागायला दार वाजवत येणाऱ्या पोट्ट्यांचं काय करायचं, हे नागपूरकराला शिकवायला नको. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन हीच टोळी घरोघर येते आणि आपण बोजारा (खाऊ-पैसे) देतो. फक्त इथे बैल नसतो, डोक्यावर चादर असते. मी चॉकलेटं ठेवत नाही. कोरताना निघालेला गर लगेच किसून, वाफवून फ्रिजमध्ये ठेवते आणि 31 ला त्यात गूळ, कणीक, वेलची घालून भज्यांसारखी गोड बोंडं तळते. पीठ सैल झालं तर तेल पितात, चमच्यावरून जड पडेल इतकं घट्ट ठेवा. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजा, त्या मोठ्यांसाठी.

1 तारखेला आवराआवर करताना माळा मात्र काढू नका, तुळशीच्या लग्नाला लागतातच. कोहळं कचऱ्यात, संत्र्याच्या साली गच्चीवर वाळत. आणि पऱ्हाटीची फांदी सासूबाई स्वतःहून मागून घेतात. दोऱ्याचे डोळे उपटतात, कापसातली सरकी काढतात आणि मांडी घालून त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळत बसतात. लेक शेजारी बसून कोणती वात कोणत्या भुताची, ते सांगत असते.