पावसाळी तंबू ठोकण्याआधी झुडपांकडे बघा

ओढ्याकाठची सपाट, वाळूची जागा बघितली की तंबू तिथेच ठोकावासा वाटतो. ठोकू नका. पुराचं पाणी तिच्यावरून जातं म्हणूनच ती इतकी सपाट असते. आधी काठावरच्या झुडपांकडे नीट बघा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या कुठवर दिसतात? मागच्या पुराचं पाणी तिथवर तरी चढलं होतं. तंबू त्याच्या बराच वर हवा, आणि रात्री निघावं लागलं तर ओढा ओलांडावा लागू नये.

सह्याद्रीत आपल्याकडे भुरभुर असताना वर डोंगरात कोसळलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले.

संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दर अर्ध्या तासाने बघत राहा. पाणी गढुळलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, वरून घोंघावल्यासारखा आवाज आला, की सगळ्यांना उठवून लगेच वर चढा. तंबू, भांडी, सॅक तिथेच राहू दे. हजारोंचा तंबू टाकून जाणं जिवावर येतं, तरी टाका. म्हणूनच टॉर्च, फोन आणि बूट उशाशीच ठेवून झोपायचं.

धरणाखालच्या नदीकाठी असाल तर भोंगा ऐकताच निघा. वाट पाण्याखाली गेली असेल तर उंचावरच थांबून ११२ ला फोन करा. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला पाडतं.