राऊटरसाठी जुना पीसी घ्यायलात? आधी स्लॉट बगा

आमच्या लातूरला क्लासेसच्या भागात हॉस्टेलं लई, आणि हॉस्टेलवाले हेच विचारायलेत की जुन्या पीसीत दोन लॅन कार्ड टाकून राऊटर केला तर चालंल का. चालंल की. पण सगळे प्रोसेसर कोणता ते विचारतात, बसचं, म्हणजे कार्डांचा डेटा बोर्डावर ज्या वाटेनं जातो तिचं, कुणी काढतच नाही, आणि गाडी अडती तिथंच.

एका हॉस्टेलला ५०० एमबीपीएसची लाईन आली तेव्हा मी पीसीआयची (बोर्डावरचा जुन्या प्रकारचा स्लॉट) दोन गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, कार्डं लावली होती. लाईन थेट लॅपटॉपला लावली की पूर्ण स्पीड, राऊटरमधून घेतली की साडेतीनशेच्या वर सरकंना. केबल बदलल्या, क्रिम्पिंग परत केलं, दोन रात्री गेल्या, आणि प्रोसेसर तर निम्मा बी वापरात नव्हता!

साधा पीसीआय म्हणजे ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, कागदावर सेकंदाला १३३ एमबी, ते बी बसवरच्या सगळ्या कार्डांत मिळून. लाईनचा स्पीड बिटांत आणि बसचा बाइटांत, ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ५०० ला ८ नं भागा, ६२.५ एमबी. पण राऊटरमध्ये पॅकेट बसवरून दोनदा जातं, एका कार्डातून रॅममध्ये आन् रॅममधून दुसऱ्या कार्डात, म्हणजे झाले १२५, वरून पोरं अपलोड करायला लागली की ते बी ह्यातच. कागदावरचे १३३ पूर्ण कधीच हाती येत नाहीत, मग कसं पुरंल? हे दुप्पट धरायचं तेवढं विसरू नका.

पीसीआय-ई म्हणजे पीसीआयच्या नंतर आलेला स्लॉट, त्यात प्रत्येक स्लॉटची वाट वेगळी, जायची-यायची बी वेगळी. पहिल्या पिढीचा एक्स१ (एक लेन; एक्स४ म्हणजे चार लेन) एका दिशेला २५० एमबी देतो, दुसरी पिढी ५००, तिसरी जवळपास ९८५. गिगाबिटच्या एका पोर्टला एका दिशेला १२५ लागतात, म्हणून एका पोर्टाला अडचण नाही, दोन पोर्टांना पहिल्या पिढीचा एक्स१ तेवढा काठावर येतो. १० गिगाबिटचे दोन पोर्ट असले तर मात्र २५०० लागतात, तिथं दुसऱ्या पिढीचा एक्स४ कमी पडतो, एक्स८ च बगा.

त्या हॉस्टेलच्या पीसीत ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट रिकामाच होता, त्यात दोन पोर्टांचं पीसीआय-ई कार्ड टाकलं आणि काम झालं. पण लांब स्लॉट दिसला म्हणून लगेच भुलू नका, काही बोर्डांवर एक्स१६ एवढ्या लांब स्लॉटला वायरिंग एक्स४ चंच असतं. दुकानात मोबाईलची बॅटरी मारून आत बगा, पिना कुठपर्यंत आहेत ते दिसतं, नाहीतर बोर्डाचं मॅन्युअल काढा. कार्ड बसवल्यावर लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही कमांड दोन व्ही लावून (lspci -vv) चालवा आणि लिंक कॅपॅबिलिटी (LnkCap, कार्डाला किती जमतं), लिंक स्टेटस (LnkSta, आता किती मिळतंय) ह्या ओळी जुळवून बगा, कार्ड एक्स४ चं आणि स्टेटसला एक्स१ आलं तर स्लॉट बदला.

आणि यूएसबी २ चा लॅन अडॅप्टर ह्या कामाला घेऊच नका, त्याची सगळी मिळून मर्यादाच ४८० एमबीपीएस, मग डब्यावर गिगाबिट लिहिलेलं असो नाहीतर काही असो.