शाळा सुधारणा समितीच्या सभेला जाण्याआधी

मेअखेरीस शाळा उघडतात. कर्नाटकातील खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील सरकारी मराठी शाळेत ज्यांची मुले शिकतात, त्या पालकांनी शाळा सुधारणा समितीच्या, म्हणजे शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, पहिल्या सभेला रिकाम्या हाताने जाऊ नये.

सर्वप्रथम सदस्यांची यादी मागून घ्यावी आणि नावे मोजावीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सहीपुरते आईचे नाव आणि सभेला वडील, असे होऊ द्यायचे नसेल तर भांगलणीला जाणाऱ्या बायांना जमेल अशीच वेळ लेखी मागावी.

मुलींचे शौचालय कुणीतरी आईने स्वतः आत जाऊन पाहावे. मुलींसाठी वेगळे शौचालय कायद्याच्या परिशिष्टातच सांगितले आहे, परंतु कागदावर ‘आहे’ असे लिहिलेल्या शौचालयाला कडी असतेच असे नाही. आमच्या गावच्या शाळेत ती नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी दार ओढून धरून बाहेर उभी राही, आणि सातवीतल्या पोरी जायला नको म्हणून सकाळपासून पाणीच पीत नसत. हे आम्हा पालकांना फार उशिरा कळले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून कडी, नळाला पाणी आणि पॅड टाकण्याची सोय या गोष्टी वहीत टिपून शाळा विकास आराखड्यात घालायला लावाव्यात.

छडी मारणे शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंद आहे. लैंगिक गैरवर्तनाची गोष्ट कानावर आली तर ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना दिसेल अशा भिंतीवर लिहून घ्यावा.

पट, मंजूर पदे आणि प्रत्यक्ष मराठीतून शिकवणारे शिक्षक, हे तीन आकडे सोबत हवेतच. पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला तरी दोन शिक्षक द्यावे लागतात, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे १९५६ मध्ये घटनेत आलेले ३५० अ कलम सांगते. मराठी शिक्षक कमी असतील तर त्यांच्या मागणीचा अर्ज करावा, पण कन्नड विषयाचा वाद त्यात आणू नये. मुलांना कन्नड उत्तम यायलाच हवे, आणि त्याने मराठी शिक्षकाची मागणी तसूभरही कमी होत नाही.

राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे, तेव्हा अर्ज मराठीत जरूर करावा. मात्र सोबत कन्नड प्रत जोडल्यास कार्यालयातील खेपा वाचतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये, आणि ती प्रत शाळेच्या कपाटात न ठेवता समितीतल्या एखाद्या आईच्या घरी ट्रंकेत ठेवावी, कारण मुख्याध्यापकांची बदली झाली की जुनी फाईल सापडत नाही.